बाहीवरची डोकेदुखी

१२ ऑगस्ट

धाकटे,

परवा फोनवर तू म्हणालीस, "भाऊजी, तुम्ही 'हं' शिवाय काही बोलत नाही. त्यापेक्षा पत्र लिहा. पत्रात नुसतं हं लिहून भागत नाही." म्हणून लिहितो आहे. तुझी ताई गेली त्याला सव्वा वर्ष झालं. एवढ्या काळात मी घड्याळाच्या दुरुस्तीच्या पावत्यांखेरीज काही लिहिलेलं नाही, तेव्हा अक्षर सांभाळून घे.

सांगण्यासारखं एकच आहे. माझ्या डोकेदुखीवर ऑपरेशन करायचं चाललं आहे. घाबरू नको, डोकं उघडत नाहीत. आपल्या नेहमीच्या डॉक्टरांनी गोळ्या बदलून बदलून शेवटी हात टेकले आणि मला मोठ्या हॉस्पिटलात एका सर्जनबाईंकडे पाठवलं. त्या म्हणाल्या, काही लोकांची अर्धशिशी कवटीच्या बाहेरच्या एखाद्या नसेपासून सुरू होते. नस स्नायूतून जाते, स्नायू तिला आवळतो आणि तिथून दुखणं पेटतं. तो थोडासा स्नायू काढून नसेला वाट मोकळी करून देतात. मला हे लगेच समजलं. चाकाच्या आसाला जागा अपुरी पडली की घड्याळ अडतं, तसंच ते.

पण त्यांची एक अट आहे. दुखणं नेमकं कुठून सुरू होतं हे पक्कं कळल्याशिवाय त्या सुरी उचलत नाहीत. जागा चुकली तर सगळं फुकट. मी सांगितलं, डाव्या भुवईच्या वर, जिथे मी भिंग लावतो तिथे. चौतीस वर्षं तिथेच भिंग आहे, दुसरीकडे कुठे दुखणार? त्यांनी विचारलं, काही नोंद आहे का?

नोंद तुझी ताई ठेवायची. माझं डोकं दुखलं की कॅलेंडरवर त्या तारखेच्या चौकटीत पेन्सिलीने काहीतरी करायची. मी कधी नीट बघितलं नाही. डोकं दुखत असताना कॅलेंडर बघवत नाही, आणि दुखत नसताना कशाला बघायचं? तीन वर्षांची ती कॅलेंडरं मी गेल्या वर्षी गुंडाळी करून तुलाच दिली. पाठची बाजू कोरी आहे, तुझ्या शिवणाच्या क्लासला कामाला येतील म्हणून. ती गुंडाळी जशीच्या तशी परत पाठव. १८ सप्टेंबरला सर्जनबाईंकडे जायचं आहे.

बाकी ठीक. आत्ता सकाळचे अकरा वाजत आहेत. समोरच्या खिडकीत एक आजी मांडीवर मांजर घेऊन उन्हात बसली आहे. रोज बसते.

भाऊजी


१७ ऑगस्ट

भाऊजी,

पोस्टमनने पाकीट दिलं तेव्हा वाटलं बँकेचं आहे. मग तुमचं अक्षर बघितलं आणि हातातली कात्री खाली ठेवली. दोनदा वाचलं, एकदा मनात, एकदा मोठ्याने आमच्या ह्यांच्यासाठी. हे म्हणाले, "कपाळाचा स्नायू काढला तर भाऊजी आठ्या कशा घालणार? गिऱ्हाईक ओळखणार नाही त्यांना." मी त्यांना गप्प बसवलं, पण खरं सांगू, मलाही तेच वाटलं होतं. तुमच्या आठ्या बघूनच तर आमच्या आईने तुम्हाला पसंत केलं. म्हणाली, मुलगा विचारी दिसतो. डोकं दुखत होतं हे नंतर कळलं.

आता माझे प्रश्न. भूल पूर्ण देणार की जागेपुरती? किती दिवस हॉस्पिटलात? केस काढणार का? उरलेच आहेत किती, ते तरी राहू देत म्हणावं. सोबतीला कोण? "कोणी नको" असं लिहिलंत तर पत्र परत पाठवीन, सांगून ठेवते.

आणखी एक. बारा तारखेला बुधवार होता. मी मुद्दाम बघितलं. भर बुधवारी सकाळी अकरा वाजता जो माणूस घरच्या खिडकीतून मांजर बघतो, त्याचं दुकान कोण उघडतं? आणि "रोज बसते" हे तुम्हाला कसं कळलं? ताई सांगायची, तुमच्या शटरच्या आवाजावर गल्लीतले लोक दहा वाजल्याचं समजायचे.

कॅलेंडरांचं म्हणाल तर आहेत, इथेच आहेत कुठेतरी. क्लासच्या कपाटात फार पसारा झालाय. शोधते. अगदी लगेच नकोत ना?

धाकटी

ता. क. "जशीच्या तशी" म्हणजे अगदी जशीच्या तशीच हवीत का?


२३ ऑगस्ट

धाकटे,

प्रश्नांची उत्तरं. भूल पूर्ण. हॉस्पिटलात एक रात्र, फार तर दोन. केस सगळे काढत नाहीत. आठ्यांचं मी सर्जनबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, भुवईपाशी केलं तर कपाळ जरा गुळगुळीत होईल, काही बायका खूश होतात. मी म्हटलं, मला त्याची गरज नाही. त्या म्हणाल्या, मग फुकटात मिळालं समजा.

त्यांनी हेही स्पष्ट सांगितलं की हे ऑपरेशन सगळ्यांना लागू पडत नाही. काहींचं दुखणं जवळजवळ जातं, काहींचं निम्म्यावर येतं, काहींना काही फरक पडत नाही. असं सरळ बोलणारा माणूस मला आवडतो. मीसुद्धा गिऱ्हाइकाला घड्याळ उघडण्याआधी असंच सांगतो.

दुकानाचं विशेष काही नाही. दोन दिवस बंद ठेवलं होतं.

कॅलेंडरं लगेच हवीत. आणि हो, जशीच्या तशीच. तू असं का विचारलंस?

भाऊजी


२९ ऑगस्ट

भाऊजी,

बसून वाचा. बसला आहात? आणि आठ्या घालू नका, त्या अजून शाबूत आहेत हे मला माहीत आहे.

मी ती कॅलेंडरं कापली.

तुम्ही गुंडाळी दिलीत त्याच आठवड्यात कापली. घरी येऊन उघडली तर ताईच्या स्वयंपाकघराचा वास आला. माझ्याने ती नुसती ठेवून देववेना आणि बघवेनाही. मग उलटी केली, कोऱ्या बाजूवर खडू धरला आणि कामाला लागले. माझा स्वभाव तुम्हाला ठाऊक आहे, रडू आलं की मी काहीतरी बेतायला घेते. छत्तीस पानं होती, असा जाड कागद हल्ली मिळत नाही. तीन मापांच्या शर्टांची कागदी कटिंग झाली. पाठी, पुढचे भाग, बाह्या, कॉलर, खिसे. क्लासच्या भिंतीला खिळ्यावर अडकवून ठेवली आहेत. सगळ्या बायका त्यावरूनच शिकल्या.

ताईच्या खुणा मी बघितल्या होत्या. गोल आणि त्यात ठिपका. मला वाटलं बटणं आहेत! क्लासमध्ये सगळ्यांना सांगितलंसुद्धा, "बघा, माझी ताई शिवणकाम शिकली नव्हती, पण बटणांचा विचार करायची." काय बोलू आता.

अजून एक आहे, तेही सांगून टाकते. सगळ्यात मोठ्या मापाची बाही माझ्याकडे नाही. ती गल्लीच्या टोकाच्या शिंप्याने नेली. तो बँडवाल्यांचे कोट शिवतो. थोडक्यात, तुमच्या कुठल्यातरी महिन्याच्या डोकेदुखीवर बावीस बँडवाल्यांच्या बाह्या बेतल्या गेल्या आहेत.

रागवा. पण पत्रातून रागवा, फोन बंद करून ठेवू नका.

धाकटी


४ सप्टेंबर

धाकटे,

तुझं पत्र वाचून मी हसलो. घरात तो आवाज बऱ्याच दिवसांत झाला नव्हता, मी स्वतःच दचकलो. बँडवाल्यांची गोष्ट तुझ्या ताईला सांगायला हवी होती.

मी रागावलो नाही. ती गुंडाळी मीही न बघता दिली होती. तू निदान उघडलीस.

आता तू खरं सांगितलंस तर मीही सांगतो. बुधवारचं तुझं गणित बरोबर आहे. दुकान दोन दिवस नाही, जूनपासून बंद आहे. महिन्यातले चौदा-पंधरा दिवस डोकं दुखतं. पूर्वी आठ-दहा असायचे. एका गिऱ्हाइकाच्या आजोबांचं खिशातलं घड्याळ होतं, त्याची केसासारखी बारीक स्प्रिंग माझ्या चिमट्यातून सुटली आणि वाकडी झाली. चौतीस वर्षांत असं कधी झालं नव्हतं. त्या दिवशी मी भिंतीवरची सगळी घड्याळं थांबवली, कारण प्रत्येक टोला डोक्यात पडत होता, आणि शटर ओढून घरी आलो.

शेजारच्या चष्मेवाल्याला माझा गाळा हवा आहे. माणूस चांगला आहे, घाई करत नाही. मी त्याला वर्षअखेरीपर्यंत सांगतो म्हटलं आहे. ऑपरेशन लागू पडलं तर दुकान उघडेन. नाही पडलं तर गाळा त्याला देईन आणि हत्यारंही विकून टाकीन. मग रोज अकरा वाजता मांजर बघायची.

हा भाग तुझ्या ह्यांना मोठ्याने वाचून दाखवू नको.

कटिंग जोडता आली तर जोड. तारखा दिसतील एवढं पुरे. अठरा तारीख लक्षात ठेव.

भाऊजी


१२ सप्टेंबर

भाऊजी,

वाचून दाखवलं नाही. ह्यांनी स्वतःच माझ्या खांद्यावरून वाचलं आणि चहा करायला गेले. ते कधी चहा करत नाहीत, त्यावरून काय ते समजा.

क्लासला दोन दिवस सुट्टी दिली, पण बायका घरी जातील तर ना. सतरंजी गुंडाळली, सगळी कटिंग उलटी करून फरशीवर मांडली आणि आम्ही सहाजणी गुडघ्यांवर बसलो. कुणी ओरडायचं, "माझ्याकडे बाहीच्या मुंढ्यावर ऑक्टोबर आहे, त्याच्या खालचं कुणाकडे आहे?" दुसरीकडून उत्तर यायचं, "खिशावर बघ, खिशावर!" एका कॉलरवर अर्धा जून आणि अर्धा डिसेंबर निघाला, तो कसा ते मला आजही सांगता येणार नाही. तारखा जुळवून टाचण्या लावत गेलो. पण खुणांचा अर्थ लागेना.

तेवढ्यात हे चहा घेऊन आले. एका बाहीकडे बघत उभे राहिले आणि म्हणाले, "बटणाला कान कशाला हवेत?"

भाऊजी, त्या गोलांना दोन बाजूंना दोन कान आहेत! आणि वर चोचीसारखं नाक. बटण नव्हेच ते. वरून बघितलेलं तुमचं डोकं आहे. आत जो ठिपका आहे तो दुखणं सुरू होण्याचा, आणि त्यातून एक रेघ निघते ती दुखणं जिथे जातं तिथवर. मी डोक्याला हात लावून बसले. ताईने चौकटीएवढ्या जागेत तुमचं डोकं काढलं आणि मी त्यावर काजं करायला शिकवत होते.

आता नीट वाचा. एकूण दोनशे एकोणसत्तर डोकी सापडली. वीसेकांचं नाक किंवा कान माझ्या कात्रीत गेलं, ती सोडून दिली. उरलेल्यांपैकी भुवईवर ठिपका किती? अकरा. बाकी सगळे ठिपके मागे आहेत, मानेच्या वर, डाव्या बाजूला, जिथे केस सुरू होतात तिथे. तिथून रेघ डोक्यावरून फिरून भुवईवर येते. तुम्ही सांगता ते दुखण्याचं शेवटचं ठिकाण आहे, पहिलं नव्हे. आणि तुम्ही भुवई कापून घ्यायला निघाला होतात!

मला आता आठवतंय, जेवायला बसलात की मधेच तुमचा डावा हात मानेमागे जायचा. ताई तेव्हा ताट सोडून तुमच्याकडे बघायची. मला वाटायचं, काय हे कौतुक.

बँडवाल्यांची बाही ह्यांनी जाऊन आणली. शिंपी देत नव्हता, म्हणाला माप उत्तम बसतं. त्याला नवीन काढून दिली तेव्हा सोडली. ती बाही गेल्या वर्षीच्या मार्चची आहे.

मार्चमध्ये ताई अंथरुणावर होती. तुम्ही तेव्हा मला फोनवर म्हणाला होतात, "एक बरं आहे, हल्ली माझं डोकं दुखत नाही." तिलाही तेच सांगत होतात, हे मला ती बाही बघून कळलं. मार्चमध्ये नऊ डोकी आहेत. पडल्या पडल्या काढली असणार, कान वाकडे झाले आहेत. सहा तारखेच्या खाली बारीक अक्षरात लिहिलं आहे, "नाही म्हणाले. आहे." चौदा तारखेला पुन्हा, "नाही म्हणाले. आहे. मान चोळत होते."

सगळं वेगळ्या पार्सलने पाठवलं आहे. टाचण्या जपून काढा, बोटात जातील.

धाकटी


२३ सप्टेंबर

धाकटे,

पार्सल चौदा तारखेला मिळालं. मार्चची बाही मी टेबलावर ठेवली आणि दोन दिवस उलगडली नाही.

तेव्हा कॅलेंडर स्वयंपाकघरातून तिच्या कॉटजवळच्या खिळ्यावर आलं होतं. तिनेच तिथे लावायला सांगितलं होतं. मला वाटलं, तारखा बघायला. दुपारी मी तिला पेपर वाचून दाखवायचो. डोकं दुखत असलं तरी वाचायचो, मुद्दाम जरा मोठ्याने. अक्षरं नाचायची. ती दोन बातम्यांनंतर म्हणायची, "पुरे आता, मला झोप आली." मी पेपर मिटून अंधाऱ्या खोलीत जाऊन पडायचो. मला वाटायचं तिला झोप यायची.

याहून जास्त मला लिहिता येत नाही.

अठराला सर्जनबाईंकडे गेलो. त्यांच्या टेबलावर दोन पाठी, चार बाह्या आणि कॉलर मांडली. नर्सला वाटलं मी चुकून दुसऱ्या विभागात आलो. मी गोल, कान आणि ठिपके समजावून सांगितले. सर्जनबाईंनी चष्मा लावून एकेक पान वाचलं. बाहेर पेशंट खोळंबले तरी उठल्या नाहीत. म्हणाल्या, "पेशंटला जिथे सगळ्यात जास्त दुखतं तीच जागा तो सांगतो. सुरुवात कुठून होते ते त्याला कळतंच असं नाही. हे कोणत्या डॉक्टरने टिपलं?" मी म्हटलं, माझ्या बायकोने. त्या म्हणाल्या, "भेटायला आवडेल." मी सांगितलं. मग त्यांनी बाही दोन्ही हातांनी घडी करून मला परत दिली.

नुसत्या नोंदीवर त्या थांबल्या नाहीत. म्हणाल्या, दुखत असेल तेव्हा या, तपासून बघू. काल सकाळी दुखायला लागलं तसा रिक्षा करून गेलो. त्यांनी मानेच्या वर, ठिपक्याच्या जागी, बधिर करायची सुई दिली. मी डोळे मिटून बाकावर बसलो. दहा-पंधरा मिनिटांत भुवईवरचं दुखणं उतरलं. सुई मागे आणि दुखणं पुढचं गेलं. मी डोळे उघडले तर समोरच्या भिंतीवरचं घड्याळ चार मिनिटं मागे होतं. मी ते नर्सला सांगितलं. ती म्हणाली, बरं वाटलं वाटतं तुम्हाला.

ऑपरेशन १५ ऑक्टोबरला. मागच्या बाजूने. आठ्या राहणार आहेत, तुझ्या ह्यांना कळव.

सोबतीला कोणी नको. चष्मेवाला येतो म्हणाला आहे.

भाऊजी


२८ सप्टेंबर

भाऊजी,

ठरल्याप्रमाणे पत्र परत पाठवत आहे. शेवटचा परिच्छेद लाल खडूने खोडला आहे. चष्मेवाल्याला म्हणावं, तू गाळ्यावर लक्ष ठेव, भाऊजींवर मी ठेवते.

तेरा तारखेला सकाळी पोचते. उशी माझी मी आणते, तुमच्या उशा दगडासारख्या आहेत. क्लास हे सांभाळणार आहेत. त्यांना सुईत दोरा ओवता येत नाही, पण बायकांना गप्पांत गुंतवता येतं.

पत्रातला तो "झोप आली"चा भाग मी ह्यांना वाचून दाखवला नाही. फक्त एवढंच सांगते. ताई मला तेव्हा फोनवर म्हणाली होती, "हे फार छान पेपर वाचतात गं, पण आवाज चढला की समजायचं." काय समजायचं ते मी विचारलं नव्हतं. आज कळलं.

धाकटी


९ नोव्हेंबर

धाकटे,

तू गेल्यावर घर मोठं वाटायला लागलं आहे. सोळा दिवसांत तू सगळ्या पडद्यांना नवीन दुमड घातलीस, समोरच्या आजीशी ओळख केलीस आणि तिच्या मांजरीला माझ्या खुर्चीची सवय लावलीस. आजी आता मला खिडकीतून विचारते, "धाकटीचं पत्र आलं का?" आधी कधी बोलली नव्हती.

टाके निघाले. जखम चांगली आहे. डोक्याची मागची डावी बाजू अजून बधिर आहे, केस विंचरताना दुसऱ्याचं डोकं विंचरल्यासारखं वाटतं. सर्जनबाई म्हणतात, नस बरीच आवळलेली होती, आतून त्यांनाही तसंच दिसलं. बधिरपणा हळूहळू जाईल.

पण तुला खरं सांगायचं ठरवलं आहे म्हणून लिहितो. ऑपरेशननंतर तीन आठवडे काही नव्हतं, आणि मग ५ तारखेला दुखलं. ७ तारखेला पुन्हा. पूर्वीसारखंच, भुवईपर्यंत. मी सर्जनबाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, "तीन महिने थांबायचं, मगच ठरवायचं, हे मी आधीच सांगितलं होतं." सांगितलं होतं हे खरं. पण सात तारखेला मी चिमट्यांची पेटी उघडून बघितली आणि परत बंद केली.

शर्टाची कॉलर जखमेवर घासते, म्हणून सध्या बनियनवरच असतो. चष्मेवाला काल खाली भेटला. काही विचारलं नाही, पण गाळ्याच्या शटरकडे बघून गेला.

भाऊजी


१६ नोव्हेंबर

भाऊजी,

सोबत शर्ट आहे. त्याला कॉलर नाही, मागे गळाही थोडा खाली घेतला आहे, जखमेला काही लागणार नाही. निघण्याआधी तुमच्या टेबलावरची कटिंग मी साध्या कागदावर उतरवून घेतली होती, तुमचं लक्ष नव्हतं. पाठ एप्रिलची आणि बाही मार्चची. बँडवाल्यांचं माप तुम्हाला जरा ढगळ होईल, पण ते बरंच. बटणांना कान नाहीत, तपासून घ्या.

बनियनवर खिडकीत बसू नका. आजी आहे समोर.

आता दुखण्याचं. पूर्वी महिन्याला पंधरा दिवस होते. आता महिना झाला आणि दोनच झाले. मी हिशोबात कच्ची आहे, पण दोन आणि पंधरा यातला फरक मला कळतो. तुम्ही घड्याळ उघडल्यावर दुसऱ्याच दिवशी गिऱ्हाईक विचारायला आलं तर तुम्ही काय सांगता? "आठ दिवस चालवून बघू द्या." स्वतःला का नाही सांगत?

नवीन वर्षाचं कॅलेंडर आणा आणि स्वयंपाकघरात पूर्वीच्याच खिळ्यावर लावा. यापुढे डोकी तुम्ही काढायची. ताईची पद्धत, कान आणि नाक सगळं हवं. खोटं लिहायचं नाही.

चष्मेवाल्याने गाळ्याचं विचारलं तर तोवर नुसतं "हं" म्हणा. तुम्हाला चांगलं जमतं.

धाकटी


३ फेब्रुवारी

धाकटे,

मधे पत्र लिहिलं नाही कारण सांगण्याआधी महिना पूर्ण होऊ द्यायचा होता.

दुकान ४ जानेवारीला उघडलं. आधी धूळ काढायला दोन दिवस गेले. मग भिंतीवरच्या घड्याळांना एकेक करून चावी दिली. लंबक हलायला लागले तसा मी स्टुलावर बसून राहिलो आणि वाट बघितली. डोक्यात काही झालं नाही. नुसता आवाज होता, पावसासारखा. सगळी घड्याळं जुळवून घ्यायला वेळ लागला, तोवर अकराचे टोले साडेदहापासून सव्वाअकरापर्यंत चालायचे. चष्मेवाला दाराशी येऊन म्हणाला, "बंद होतं तेच बरं होतं हो." मग आत येऊन बसला आणि चहा मागवला. गाळ्याचं त्याला सांगितलं. म्हणाला, "मला माहीत होतं. तुम्ही नुसते हं हं करत होतात तेव्हाच कळलं." त्याने मागच्या गल्लीत दुसरी जागा बघितली आहे.

त्या आजोबांच्या घड्याळाची स्प्रिंग मी सरळ केली. तीन दिवस लागले. कामाला बसलो तेव्हा मान मोकळी होती, हात हलला नाही. गिऱ्हाइकाने ते कानाला लावलं आणि कितीतरी वेळ काढलंच नाही.

सर्जनबाईंना दाखवून आलो. बधिरपणा आता रुपयाएवढ्या जागेत उरला आहे. त्यांनी तुझ्या क्लासच्या बायकांना नमस्कार सांगितला आहे, आणि मार्चच्या बाहीचा फोटो त्यांना हवा आहे, शिकणाऱ्या डॉक्टरांना दाखवायला. मी हो म्हटलं. ती बाही मी ठेवून घेतो. बाकीची कटिंग क्लासला परत पाठवतो आहे. टाचण्या काढल्या नाहीत. जोडलेलीच राहू देत, लागेल तशी उतरवून घे.

कॅलेंडर आणलं, खिळा तोच. जानेवारीचं पान काल फाडलं. ते सोबत आहे. दोन डोकी आहेत, बावीस आणि सत्तावीस तारखेला. कान जमत नाहीत, ते तुझ्या ताईलाच जमायचे. दोन्ही वेळा गोळी घेऊन दुपारपर्यंत बरं वाटलं. बाकी चौकटी कोऱ्या आहेत. आता नुसती पाठच नाही, पुढची बाजूही तुझ्या कामाची आहे. खुशाल काप.

फक्त त्याआधी एकोणीस तारीख बघ. त्या दिवशी दुकानात बसलो होतो, हात सवयीने मानेमागे गेला. चष्मेवाल्याने दारातून विचारलं, "काय, डोकं दुखतंय का?" घरी आल्यावर मी चौकटीत बारीक लिहून ठेवलं. पेन्सिलीने आहे, उजेडात धरलंस तर वाचता येईल.

नाही म्हणालो. नव्हतंच.

भाऊजी